मांजराची नखं काढणं म्हणजे नेमकं काय? कॅलिफोर्नियात हा वाद २२ वर्षं का चालला?

कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एका विधेयकावर सही केली. पाळीव मांजरांची नखं शस्त्रक्रिया करून काढण्यावर १ जानेवारी २०२६ पासून त्या राज्यात बंदी आली. मांजरावर उपचार म्हणून गरज असेल तरच अपवाद. याआधी न्यूयॉर्क (२०१९), मेरीलँड (२०२२), व्हर्जिनिया (२०२४) आणि मॅसॅच्युसेट्स (२०२५) अशा राज्यांनी हेच केलं होतं.

बातमी छोटी वाटते. पण याच कॅलिफोर्नियात २००३ साली एका चिमुकल्या शहराने अशी बंदी घातली, तेव्हा राज्यातल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने त्या शहराला कोर्टात खेचलं होतं. प्राण्यांवर उपचार करणाऱ्यांनीच प्राण्यांच्या बाजूच्या कायद्याला विरोध का केला, हे समजून घेतल्याशिवाय हा वाद समजत नाही.

नखं काढतात, की बोटं?

इंग्रजीत याला 'डिक्लॉइंग' म्हणतात. शब्द ऐकून वाटतं की नखं मुळापासून उपटत असतील, किंवा पुन्हा वाढू नयेत असं काही करत असतील. तसं नाही. माणसाचं नख कातडीतून वाढतं. मांजराचं नख मात्र बोटाच्या शेवटच्या हाडाला घट्ट धरून, तिथूनच वाढतं. ते कायमचं घालवायचं, तर ते हाडच सांध्यातून कापावं लागतं. स्वतःच्या हाताकडे बघून कल्पना करायची झाली तर प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर गेलं असं समजा.

मांजराच्या पुढच्या दोन पायांना मिळून दहा बोटं असतात. म्हणजे फक्त पुढच्या पायांचं 'डिक्लॉइंग' केलं तरी दहा हाडं कापली जातात. मागचे पायही घेतले तर अठरा. हे कधी स्काल्पेलने करतात, कधी कात्रीसारख्या कटरने, तर अलीकडे लेझरने. लेझरमध्ये रक्तस्राव कमी होतो हे खरं, आणि अनेक दवाखान्यांनी 'आधुनिक पद्धत' म्हणून त्याची जाहिरातही केली. पण कापलं जातं ते हाडच.

मांजर चालतं ते बोटांवर, आपल्यासारखं टाचेवर नाही. बोटाचं टोक गेलं की वजन पेलण्याची जागा बदलते. त्याचा परिणाम फक्त पंजापुरता राहत नाही.

मग अमेरिकेत हे इतकं रुळलं कसं?

इथे एक गंमतशीर दुवा आहे. १९४७ साली मिशिगनमधल्या एड लोव नावाच्या तरुणाने मांजराच्या शी-शूसाठी मातीच्या दाण्यांची पिशवी विकायला काढली. 'कॅट लिटर' तिथून सुरू झालं. तोवर बहुतेक मांजरं घराबाहेर मोकळी हिंडायची आणि उंदरांचा बंदोबस्त करायची. लिटर आलं आणि मांजर चोवीस तास घरात राहू लागलं. त्याच काळात अमेरिकी मध्यमवर्गाच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे आणि कापडी सोफे आले. मांजर घरात, सोफाही घरात, आणि नखं दोघांच्या मध्ये.

पुढच्या काही दशकांत हे ऑपरेशन इतकं सवयीचं झालं की अनेक ठिकाणी पिल्लाच्या नसबंदीबरोबरच, एकाच भुलीत, नखंही काढून टाकायची पद्धत पडली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहराच्या परिसरात दवाखान्यात आणलेल्या मांजरांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात साधारण पाचातल्या एका मांजराची नखं काढलेली आढळली. २०११ मधल्या एका जनमत चाचणीत निम्म्याहून जास्त मांजरपालकांना यात काही गैर वाटत नव्हतं. ही माणसं क्रूर होती असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. बहुतेकांना हाड कापलं जातं हेच माहीत नव्हतं, कारण 'डिक्लॉ' या शब्दात हाड कुठेच नाही.

घरमालकांनीही यात हातभार लावला. भाडेकरारात 'मांजर चालेल, पण नखं काढलेलं हवं' अशी अट घालणारे मालक कॅलिफोर्नियात इतके होते की राज्याला २०१२ मध्ये ती अट बेकायदा ठरवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे नखं काढायची मुभा होती, पण ती काढायला भाग पाडण्यावर बंदी!

एका शहराची लढाई

वेस्ट हॉलीवूड हे लॉस एंजेलिसला चिकटून असलेलं छोटं शहर. मांजरांच्या नखांवर बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. यामागे सँटा मोनिकातल्या पशुवैद्यक जेनिफर कॉनराड यांची मोहीम होती. त्या मुळात वाघ-सिंहांवर उपचार करायच्या. सर्कस, सिनेमा आणि खासगी प्राणिसंग्रहालयांसाठी नखं काढलेल्या मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांना नीट चालताही येत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. 'पॉ प्रोजेक्ट' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये जंगली आणि विदेशी मांजरवर्गीय प्राण्यांची नखं काढायला बंदी घातली. वाघाची नखं वाचली, घरातल्या मनीची नाही.

वेस्ट हॉलीवूडच्या बंदीविरुद्ध 'कॅलिफोर्निया व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशन' कोर्टात गेली. तिचा मुद्दा मांजरांचा कमी आणि अधिकाराचा जास्त होता: पशुवैद्यकाला परवाना राज्य देतं, मग त्याने कोणती शस्त्रक्रिया करावी हे नगरपालिका कशी ठरवणार? खालच्या कोर्टात संघटना जिंकली. २००७ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि शहराची बंदी कायम ठेवली.

मग लढाई विधिमंडळात गेली. परवानाधारक व्यावसायिकांच्या कामावर शहरांनी बंदी घालू नये, असा कायदा २००९ मध्ये मंजूर झाला. तो १ जानेवारी २०१० पासून लागू होणार होता. मधे काही महिन्यांची फट होती, आणि त्या फटीतून लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, बर्कली, सँटा मोनिका, बर्बँक, कल्व्हर सिटी आणि बेव्हर्ली हिल्स या सात शहरांनी घाईघाईने आपापल्या बंद्या मंजूर करून घेतल्या. नवा कायदा रोखण्यासाठी आणला होता, त्याने नेमकं उलटं घडवलं. पण बाकीच्या कॅलिफोर्नियाला त्यानंतर पंधरा वर्षं थांबावं लागलं.

पशुवैद्यकांचं म्हणणं काय?

बंदीविरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा: नखं काढायची सोय नसेल तर काही मालक मांजर शेल्टरमध्ये सोडतील, आणि अमेरिकी शेल्टरमध्ये जागा संपली की मांजराला इंजेक्शन देऊन मारलं जातं. मग नखं जाणं बरं की जीव? न्यूयॉर्कमध्येही राज्याच्या पशुवैद्यक संघटनेने याच धर्तीवर विरोध केला होता. शेवटचा उपाय म्हणून हा पर्याय डॉक्टरच्या हातात राहू द्या, असं तिचं म्हणणं होतं.

हा मुद्दा तपासता येतो, आणि तो तपासला गेलाही आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ मध्ये बंदी आली. तिथल्या शेल्टरमधली बंदीच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं संशोधकांनी ताडून पाहिली. नासधूस करतं म्हणून सोडून दिलेल्या मांजरांची संख्या वाढली नाही आणि मारल्या जाणाऱ्या मांजरांचीही नाही. एका प्रांताची आकडेवारी सगळीकडे लागू होईल असं नाही. पण 'बंदी आली की मांजरं मरतील' हे भाकीत जिथे मोजलं गेलं, तिथे ते खरं ठरलं नाही.

उलट बाजूला आणखी एक अभ्यास आहे. २७४ मांजरांची तुलना करणारं हे संशोधन 'जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी'त आलं. त्यातल्या निम्म्या मांजरांची नखं काढलेली होती आणि निम्म्यांची शाबूत. नखं काढलेल्यांमध्ये पाठदुखी, चावणं, अंग जास्त चाटत राहणं आणि लिटर बॉक्सबाहेर घाण करणं हे सगळं लक्षणीय प्रमाणात जास्त होतं. एक्स-रेत ६३ टक्के मांजरांच्या पंजात कापलेल्या हाडाचे तुकडे मागे राहिलेले दिसले.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. मांजर घराबाहेर काढलं जाण्याची मोठी कारणं कोणती? चावणं आणि घरभर घाण करणं. पंजा दुखत असेल तर खरखरीत दाण्यांवर पाय ठेवणं मांजर टाळतं आणि मऊ गादी शोधतं. नखं नसतील तर धमकावायला दातच उरतात. म्हणजे ज्या संकटातून मांजराला वाचवायचं म्हणून ऑपरेशन करायचं, तेच संकट ऑपरेशनमुळे ओढवू शकतं. अर्थात, नखं काढलेली सगळीच मांजरं त्रासात असतात असं नाही. वर्षानुवर्षं मजेत जगलेल्या मांजरांचे मालक तसं सांगतात, आणि त्यांना खोटं ठरवायची गरज नाही. पण मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं, हेही कुठलाही पशुवैद्यक सांगेल.

दरम्यान पशुवैद्यकांचं मतही सरकलं आहे. मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेने २०१७ मध्ये या शस्त्रक्रियेला ठाम विरोध जाहीर केला. देशातल्या सगळ्यात मोठ्या 'अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशन'ने २०२० मध्ये ती टाळावी असा सल्ला दिला, मात्र अंतिम निर्णय डॉक्टरवर सोडला. त्याच वर्षी बॅनफील्ड आणि व्हीसीए या दवाखान्यांच्या बड्या साखळ्यांनी केवळ मालकाची इच्छा म्हणून हे ऑपरेशन करणं थांबवलं. कायद्याआधी बाजाराने पाऊल उचललं, असं म्हणायला हरकत नाही.

मालकच आजारी असेल तर?

हिमोफिलिया, रक्त पातळ करणारी औषधं, केमोथेरपी, एचआयव्ही. अशा व्यक्तीला मांजराचं बोचकारणं महागात पडू शकतं. 'कॅट स्क्रॅच' आजार पसरवणारा बार्टोनेला जिवाणू ही खरी भीती आहे. बंदीविरोधकांचा हा मुद्दा भावनेला हात घालतो. पण एचआयव्हीबाधितांसाठीच्या अमेरिकी वैद्यकीय मार्गदर्शक सूचनाही नखं काढायचा सल्ला सहसा देत नाहीत. मांजराशी आडदांड खेळ टाळा, ओरखडा लगेच धुवा आणि पिसवांचा बंदोबस्त करा, असा त्यांचा सूर आहे. शिवाय चावा हा ओरखड्यापेक्षा जास्त खोल जातो, आणि दात तर कोणी काढत नाही.

अनेकांना पडणारा एक प्रश्न वेगळा आहे. नसबंदीतही अवयव काढतात, मग ती चालते आणि हे का नाही? फरक कुणाच्या फायद्यासाठी, यात आहे. नसबंदीने मादीला गर्भाशयाच्या जीवघेण्या संसर्गापासून संरक्षण मिळतं आणि रस्त्यावरच्या बेवारस पिल्लांची संख्या आटोक्यात राहते. नखं काढून मांजराला काहीच मिळत नाही. फायदा सोफ्याचा होतो.

बाकीचं जग

युरोपात हा वाद जवळपास नाहीच. युरोप परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण करारात शेपूट कापणं, कान कापणं यांच्याबरोबर नखं काढण्यावरही बंदी आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो. इस्रायलने २०११ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आणि ७५ हजार शेकेलपर्यंत दंडाची तरतूद केली. न्यूयॉर्कमध्ये दंड एक हजार डॉलरपर्यंत आहे. कॅनडाचा मार्ग वेगळा आणि जास्त रंजक. नोव्हा स्कॉशियात सरकारने नव्हे, तर पशुवैद्यकांच्याच संघटनेने आपल्या आचारसंहितेत बदल करून २०१८ पासून ही शस्त्रक्रिया बंद केली. कॅलिफोर्नियात ज्यांनी बंदीविरुद्ध खटला भरला, त्यांच्याच व्यवसायबंधूंनी तिथे ती स्वतःवर लादून घेतली.

अमेरिकेत मात्र राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्याही आधी, विधानसभेने बंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. पण ते कायद्यापर्यंत पोहोचलं नाही.

मग सोफ्याचं काय?

ओरबाडणं हा मांजराचा खोडसाळपणा नाही. नखावरची जुनी टरफलं निघावीत, पाठ-खांदे ताणले जावेत आणि पंजातल्या गंधग्रंथींनी 'ही जागा माझी' अशी खूण ठेवावी म्हणून ते ओरबाडतं. त्यामुळे ओरडून उपयोग होत नाही, दुसरी जागा द्यावी लागते. घायपाताची दोरी गुंडाळलेला खांब चालतो, पण तो मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताण देता येईल इतका उंच हवा आणि हलता कामा नये. दुकानात मिळणारे हातभर उंचीचे, डुगडुगणारे खांब मांजरं वापरत नाहीत आणि मग मालक म्हणतात, 'आणून दिला, तरी सोफाच फाडतं.' तो खांब कोपऱ्यात लपवून नव्हे, तर सोफ्याशेजारीच ठेवायचा. दोनेक आठवड्यांनी नखांची टोकं कापायची. नखांवर चिकटवायच्या मऊ टोप्याही मिळतात.

भारतात मांजराची नखं काढण्याचं नाव घेऊन बंदी घालणारी तरतूद कायद्यात नाही. प्राण्याचा अवयव तोडून त्याला पंगू करणं मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार किंवा पंगू करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण मालकाने पैसे देऊन दवाखान्यात करून घेतलेली शस्त्रक्रिया यात कशी बसवायची, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. आणि १९६० च्या कायद्याखाली गुन्हा सिद्ध झालाच, तर पहिल्या खेपेचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे.