हवा येऊ द्या, पण दारातूनच!

जुन्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडा. एअर फिल्टरचा डबा बाजूला केलात की इंजिनाला बिलगलेला एक वाकड्यातिकड्या बोटांचा पंजा दिसेल. धूळ आणि ऑइल यांनी इतका काळवंडलेला, की तो मुळात चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा आहे हे सांगूनही पटू नये. याचं नाव इनटेक मॅनिफोल्ड. इंजिनाचं नाकच म्हणा ना! आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला त्याच्या वाट्याप्रमाणे पोहोचवणं हा याचा फुलटाइम जॉब. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर हवेबरोबर पेट्रोलही यातूनच जातं.

हा पंजा काढून, घासूनपुसून, रंगवून पुन्हा बसवणं हा सध्या हौशी मंडळींचा लाडका वीकेंड प्रोजेक्ट आहे. बॉनेट उघडल्यावर मित्रांनी ‘वॉव’ म्हटलं की पैसे वसूल! पण बॉस, आधीच एक गोष्ट क्लिअर करू या. रंगाने पिकअप वाढत नाही. मायलेजही वाढत नाही. या कामाचा खरा फायदा रंगाच्या आधी होतो, आणि खरं नुकसानही तिथेच होतं.

एमएच-३० ची गोष्ट

आमचे मामा शेलूबाजारला राहतात. वाशिम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि शेलूबाजारचं नाव इंटरचेंजच्या निळ्या पाटीवर झळकलं. मामांच्या दारात १९९७ सालची मारुती ८०० उभी असते. नंबर एमएच-३०, म्हणजे अकोला. कारण वाशिम जिल्हाच मुळात १ जुलै १९९८ ला झाला; एमएच-३७ नंतरची. म्हणजे मामांची गाडी त्यांच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी!

तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर. हल्ली तिला एक सवय लागली होती. चौकात थांबली की इंजिनाचा आवाज वर-खाली, वर-खाली, आणि मग गप्प. घरातल्या सगळ्यांचं एकच मत होतं : विका! त्यात तथ्यही आहे. १५ वर्षांपुढच्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी ती १० हजार केली गेली. मामांची पुढची पाळी २०२७ मध्ये. प्रश्न सेंटिमेंटचा नव्हता. मामा-मामी दोघंच राहतात. रात्री-अपरात्री अकोल्याचा दवाखाना गाठायची वेळ आली आणि गाडी मध्येच बंद पडली तर?

मी दिवाळीला गेलो तो सिल्व्हर रंगाचा स्प्रे कॅन घेऊनच. चौकातल्या मिस्त्रींनी कॅन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, रंग तं पोट्टंबी मारते. हवा कुठून शिरते थे पाहा ना आंदी!”

या एका वाक्यात अख्खा कोर्स आहे.

चोरवाट

इंजिन चालू असताना सिलिंडर हवा ओढत असतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला की हवेचं मुख्य दार जवळजवळ बंद असतं, आणि मॅनिफोल्डच्या आत व्हॅक्यूम तयार होतो. आता गॅस्केट कुजलं असेल किंवा एखादा रबरी होज तडकला असेल, तर बाहेरची हवा त्या फटीतून आत घुसते. ही हवा कार्ब्युरेटरच्या हिशेबात नसते. त्यामुळे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. मग गाडी मिसिंग करते, आयडलिंग नाचतं, सिग्नलला बंद पडते.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. नव्वदच्या दशकातल्या गाडीचे रबरी होज आणि सील या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, नरम पडतात, तडकतात. म्हणजे जुन्या गाडीत चोरवाटा वाढण्याचीच शक्यता जास्त.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडलं. एका कोपऱ्यात पाणी आत ओढलं गेलं आणि आवाज क्षणभर सुधारला. चोर सापडला! ही टेस्ट घरीही जमते. फक्त फॅन, बेल्ट आणि इग्निशनच्या वायरींपासून लांब राहा. साबणाऐवजी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारण्याची आयडिया कुणी दिली, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. गरम इंजिनावर ते भडकू शकतं.

पहिला वीकेंड : उघडा आणि धुवा

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डमधून कुलंटही फिरतं. ते आधी रिकामं करावं लागतं. कुलंट गोड लागतं आणि विषारी असतं. अंगणातल्या मांजरा-कुत्र्यांपासून आणि पोरांपासून ते लांब ठेवा.

काहीही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दहा नाही, चाळीस काढा! प्रत्येक होजला मास्किंग टेपचा तुकडा लावून नंबर टाका, तोच नंबर त्याच्या तोंडावर. नट सोडताना बाहेरून सुरुवात करून मध्याकडे या, आणि सगळे थोडे थोडे ढिले करा. गंजलेल्या स्टडवर जोर काढू नका. रस्ट रिमूव्हर मारा, रात्रभर थांबा.

मॅनिफोल्ड निघाला की इंजिनावर उघडी भोकं दिसतील. त्यात स्वच्छ चिंध्या कोंबा आणि किती कोंबल्या ते मोजून लिहून ठेवा. एक नट आत पडला तर ८०० चं बजेट बीएमडब्ल्यूचं होतं.

धुण्यासाठी डीग्रीझर किंवा डिझेल, जुना टूथब्रश, बाटल्या धुवायचा लांब ब्रश, नंतर साबणाचं कोमट पाणी. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि जवळपास सिगरेट अजिबात नको. कॉस्टिक सोडा तर हातातही धरू नका. तो अ‍ॅल्युमिनियम खातो आणि त्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. वाळूचा मारा करून धातू चकाचक करून देणारे भेटतात, पण आतल्या वळणात अडकलेला एक चिमूटभर कण पुढे थेट सिलिंडरमध्ये जातो. घासायचं ते बाहेरून.

जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने, ओलं करून खरवडा. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं घासून त्याची धूळ उडवू नका.

खरी परीक्षा

आता तो क्षण, जो स्प्रेच्या घाईत सगळे विसरतात. इंजिनाला चिकटणारी मॅनिफोल्डची बाजू सपाट आहे का? त्यावर सरळ स्टीलपट्टी उभी ठेवा आणि खालून फीलर गेजची पाती सरकवून बघा. किती फट चालते हे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. हिशेब मिलिमीटरच्या छोट्या अंशांचा आहे. जास्त वाटली तर तुकडा थेट लेथवाल्याकडे न्या. हाताने पॉलिश पेपर मारून सपाट करायला गेलात तर कडा गोल होतील आणि नवीन चोरवाट तयार होईल.

आमच्या केसमध्ये धातू ठीक होता. गॅस्केट एका कोपऱ्यात खलास झालं होतं आणि दोन होज बिस्किटासारखे तुटत होते. म्हणजे गाडीला मरायला टेकवणारा ऐवज मुठीत मावेल एवढा!

दुसरा वीकेंड : आता मारा रंग!

बाहेरची बाजू आधी २२० च्या आणि मग ४०० च्या पॉलिश पेपरने घासा, म्हणजे रंगाला पकड मिळते. मग गॅस्केटची बाजू, होजची तोंडं, स्टडची भोकं आणि आतल्या वाटा मास्किंग टेपने नीट बंद करा. गॅस्केटच्या जागी रंग गेला तर सील बसत नाही. आत गेला तर त्याचे पापुद्रे सुटून इंजिनात जातात. शेवटी थिनरने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका.

रंग कोणता? दुकानदार हमखास सायलेन्सरचा ‘हीटप्रूफ’ डबा पुढे करतो, ६०० डिग्रीवाला. आकडा मोठा म्हणून भुलू नका. तो रंग पक्का व्हायलाच चांगली जबरदस्त उष्णता लागते. इनटेक मॅनिफोल्ड साधारणपणे कुलंटच्या आसपास, म्हणजे ९०-१०० डिग्रीपर्यंत तापतो. तिथे तो रंग अर्धाकच्चाच राहतो आणि पेट्रोलचा थेंब पडला की निघतो. घ्यायचा तो इंजिन इनॅमल, आणि त्याखाली अ‍ॅल्युमिनियमला चालणारा प्राइमर.

कॅन वीसेक सेंटिमीटरवर धरा आणि हात सतत फिरता ठेवा. एक जाड थर नको, तीन पातळ हवेत. दोन थरांमध्ये किती थांबायचं ते कॅनवर लिहिलेलं असतं. जागा सावलीतली निवडा. विदर्भातल्या मे महिन्यात रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो आणि पावसाळ्यात ओलाव्याने पांढुरका पडतो. दिवाळी बेस्ट, पण तेव्हा शेलूबाजारकडे सोयाबीनची काढणी आणि मळणी, म्हणजे हवेत भुसकट! मामांनी अंगणात आधी पाण्याचा सडा मारला, मग मला कॅन हातात घेऊ दिला. मामी म्हणाल्या, “भाच्या, लगे हाथ रांगोळीबी काढून टाक!”

आणि हो, रंग पक्का करायला स्वयंपाकघरातला ओव्हन वापरायचा नाही. त्यात उद्या केक होणार आहे.

बसवा आणि ऐका

नवीन गॅस्केट, नवीन होज. आधी चिंध्या मोजून बाहेर काढा. नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा. जोर लावून अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले तर सगळी मेहनत पाण्यात. कुलंट भरा, त्यातली हवा काढा. मग स्टार्ट करा आणि पुन्हा साबणाचं पाणी.

तुमच्या गाडीत ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा होजही याच मॅनिफोल्डवर असतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरा आणि स्टार्ट करा. पॅडल किंचित खाली गेलं तर ठीक. नाही गेलं तर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. इथे ‘चलता है’ चालत नाही.

एमएच-३० आता चौकात शांत उभी राहते. २०२७ मध्ये १० हजार भरायचे की नाही, हे मामा तेव्हा ठरवतील. पण तो निर्णय आता गाडीची एकूण तब्येत पाहून होईल, एका सडक्या गॅस्केटमुळे नाही.

जाता जाता

- मॅनिफोल्ड काळ्या प्लास्टिकचा आहे? नव्या गाड्यांत बहुतेक तसाच असतो. त्याला रंग नको, कडक सॉल्व्हंट नको, पॉलिश पेपर तर नकोच.
- एमपीएफआय गाडीत पेट्रोल लाइनमध्ये प्रेशर असतं. ते सोडवण्याचं काम जाणत्या मिस्त्रींना करू द्या, तुम्ही बाजूला उभे राहून शिका.
- रंगाच्या उत्साहात इंजिन नंबर आणि चेसिस नंबर झाकू नका. नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत तेच बघतात.
- डिझेल, थिनरच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. मोकळ्यावर पसरून वाळवा.
- वापरलेलं डिझेल आणि कुलंट नाल्यात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या.

आणि स्प्रे कॅन? घ्या की! फक्त खरेदीच्या यादीत तो गॅस्केटच्या खाली लिहा.