आधी हौदा खण

साताऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. मुलींनी आत पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता. पण शाळेला जाताना दार उघडं असलं की मी उंबऱ्याशी थांबून बघायची. तेल, हळद, ताक मुरलेल्या लाल मातीचा वास रस्त्यापर्यंत यायचा. एका सकाळी पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. पंधरा-वीस दिवस न फिरकलेला एक पोरगा मान खाली घालून दारात उभा होता. काय कारण सांगावं याची जुळवाजुळव त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. वस्तादांनी कारण विचारलं नाही, की चार शब्द सुनावले नाहीत. दाराशी टेकवून ठेवलेलं फावडं त्यांनी त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी हौदा खण."

कुस्तीचा हौदा सारखा खणावा लागतो. माती आपोआप बसते, आवळते, आणि तशा मातीवर पाठ आपटली तर अंग सोलवटून निघतं. म्हणून लढतीआधी कोणीतरी फावडं चालवायचं, ढेकळं फोडायची, माती सारखी करायची. खणणं हीच पहिली मेहनत. त्या पोरानं खणायला घेतलं. थोड्या वेळात त्याचा श्वास वर आला, पाठीवर घाम चमकायला लागला आणि चेहऱ्यावरचा अवघडलेपणा कुठच्या कुठे गेला. कारण सांगायची वेळच आली नाही. तो परत आला होता.

हे आठवायचं कारण, या सदराच्या वाचकांकडून मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालेलं एक वाक्य. "दोन महिने छान चाललं होतं, मग खंड पडला आणि सगळंच सुटलं." त्याला जोडून प्रश्न असतो : प्रेरणा टिकवायची कशी? मला वाटतं, आपण चुकीच्या गोष्टीची काळजी करतो. हुरूप ओसरणारच. नव्याचे नऊ दिवस, हे आपल्या भाषेनं केव्हाच सांगून ठेवलंय. खंडही पडणारच, तो कोणाला चुकलेला नाही. व्यायाम सुटतो तो खंड पडल्यामुळे नव्हे, खंडालाच आपण शेवट समजतो म्हणून. ज्याला परत येता येतं, त्याचाच व्यायाम वर्षानुवर्षं टिकतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' पुढे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी वाटेल ती सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला. सवय अंगात भिनायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, आणि माणसामाणसातला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला जास्त वेळ लागला. मला मोलाची वाटते ती त्यातली आणखी एक नोंद : मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

बाविसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा येतो म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं. तुमच्यात काही कमी नाही. तुम्हाला मुदतच चुकीची सांगितली गेली.

आपल्याकडे यासाठी प्रेरणेपेक्षा चांगला शब्द आहे : नेम. नेम धरला की मनाला रोज कौल लावायचा नसतो. वारकऱ्यांकडे बघा. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट आजही वयानं साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं पायी चालतात. त्यांना कोणी रोज पहाटे प्रेरणा देत नाही. दिंडी ठरलेली, दिंडीतली जागा ठरलेली, निघायची वेळ ठरलेली. आणि एखाद्या वर्षी आजारपणानं, पेरणीनं, घरातल्या दुःखानं वारी चुकली, तर गळ्यातली माळ कोणी उतरवत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा आपल्या दिंडीत असतो. व्यायामाच्या बाबतीत आपण मात्र आठवडाभर चुकलो की लगेच माळ उतरवून ठेवतो.

नेम टिकतो तो ठरलेपणावर. इंग्लंडमध्ये २००२ साली विद्यार्थ्यांच्या तीन गटांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायामाबद्दल काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे वाचायला दिले. तिसऱ्याला तेच वाचायला देऊन वर एक वाक्य लिहायला लावलं : येत्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. फायदे वाचलेल्या गटातल्या ३५ टक्के मुलांनी केला. वाक्य लिहिलेल्या गटातल्या ९१ टक्के मुलांनी केला. फायदे सगळ्यांनाच माहीत असतात. अडतं ते केव्हा आणि कुठे, यावर.

आपल्या घरात घड्याळापेक्षा प्रसंगांना बांधलेल्या वेळा जास्त पक्क्या असतात. नळाचं पाणी भरून झालं की. मुलांची शाळेची गाडी गेली की. दुकानाचं शटर वर करायच्या आधी. 'सकाळी लवकर उठून चालेन' हे वाक्य हवेतलं आहे. 'दूध घेतलं की पिशवी दाराला अडकवून तशीच पुढे देवळापर्यंत जाईन' हे वाक्य जमिनीवरचं आहे.

औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना हे पुरतं कळलं होतं. त्यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांमध्ये आणले, स्वतः वर्षानुवर्षं घातले, घरच्यांना घालायला लावले, त्यावर पुस्तकं लिहिली. सूर्यनमस्कारांची खुबी तीच आहे. एका सतरंजीएवढी जागा पुरते, साधन लागत नाही आणि कशानंतर काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. विचार करायला जागाच उरत नाही, त्यामुळे टाळायलाही उरत नाही.

आता एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास, तर स्त्रियांत ५७ टक्के. या आकड्याला मी आळस म्हणणार नाही. बाईचा व्यायाम चुकतो त्या दिवशी बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी डबा वेळेवर गेलेला असतो. घरकामातच व्यायाम होतो, असं तिला ऐकवलं जातं. घरकामानं शरीर थकतं हे खरं. पण ओट्याशी तासन् तास उभं राहणं आणि सलग अर्धा तास श्वास वाढेल असं चालणं, यांत फरक आहे. नेम एकटीचा असला तरी तो राखायला घर लागतं. सकाळची तीस मिनिटं आईला कोणी हाक मारणार नाही, एवढं घरातल्या बाकीच्यांनी ठरवलं तरी पुष्कळ आहे.

पुरेशी हालचाल म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं. जोडीला दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही. एकावेळी सलग निदान दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट संघटनेनं २०२० मध्ये काढून टाकली. पाच मिनिटंही हिशेबात धरली जातात. परत येणाऱ्यासाठी ही फार मोठी सवलत आहे.

परत येताना शरीर कसं वागतं, तेही माहीत हवं. व्यायाम थांबला की आधी दम उतरतो, अगदी दोन-तीन आठवड्यांत. ताकद जास्त दिवस तग धरते. पण एकदा कमावलेलं पुन्हा मिळवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. घात होतो तो पहिल्याच दिवशी जुन्या मापानं सुरुवात केल्यानं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग धरतं, जिना उतरताना मांड्या ओरडतात, आणि व्यायाम पुन्हा बंद पडतो. म्हणून सोडला तेव्हा जेवढा करत होता त्याच्या निम्म्यानं, किंवा त्याहूनही कमीनं सुरुवात करा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल किंवा आजारातून उठला असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन वर्षांपूर्वी मला चिकनगुन्या झाला. अजिंक्यतारा गडाच्या रस्त्यानं रोज चढायचा माझा अनेक वर्षांचा नेम होता. तो पाच आठवडे बंद पडला. ताप गेला तरी सांधे दुखत राहिले, सकाळी मूठ मिटायची नाही. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटल्यावर पहिल्या दिवशी बुटाच्या नाड्या बांधायलाच बराच वेळ गेला. चढ सुरू होतो तिथपर्यंत गेले, वर गडाकडे पाहिलं आणि परत फिरले. येऊन-जाऊन अकरा मिनिटं. आठवडाभर तेवढंच केलं. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या वळणापर्यंत, मग पुढच्या. गडाचा दरवाजा गाठायला अडीच महिने लागले. पण माझ्या हिशेबी नेम पुन्हा सुरू झाला तो दरवाजा गाठला त्या दिवशी नाही, अकरा मिनिटांच्या दिवशी.

तेव्हापासून मी एक करते. खंड कधी पडणार, हे पुष्कळदा आपल्याला आधीच माहीत असतं. जुलैचा धुवाधार पाऊस, गणपतीचे दिवस, दिवाळीचा फराळ, घरातलं लग्न, मुलांची परीक्षा. कालनिर्णय समोर घ्या आणि खंडाबरोबरच परतीचा दिवसही लिहून ठेवा. 'भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, चहानंतर, कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत.' एवढं लिहिलं की सुटलेले दिवस सुट्टीचे होतात, पराभवाचे राहत नाहीत.

त्या तालमीतलं फावडं कधी आत कोपऱ्यात, सामानाखाली गेलेलं मला आठवत नाही. ते कायम दाराशी टेकवलेलं असायचं, येणाऱ्याच्या पहिल्यांदा हाताला लागेल असं. वस्तादांना ठाऊक होतं, पोरं सुटणार आणि परतही येणार. तुमचे चालायचे बूट आज कपाटात मागे गेले असतील, तर हा लेख खाली ठेवून ते बाहेर काढा, पुसा आणि दाराशी ठेवा. किती दिवस खंड पडला, ते मोजत बसू नका. उद्या सकाळी आधी हौदा खणायचा आहे.