रात्री दार कोण उघडते?

आपल्या सूचनाफलकावर परीक्षेचे वेळापत्रक असते, शिष्यवृत्तीची मुदत असते, स्नेहसंमेलनाची तर चार-चार पत्रके असतात. मात्र रात्री अकराला घराबाहेर काढलेल्या मुलीने कुठे जावे, हे कुठेच लिहिलेले नसते. ज्या नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ उभा केला, त्या गावाला हे शोभत नाही.

क्रमांक आहेत. तातडीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. मन खचले तर १४४१६, तो २०२२ पासून आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण नुसत्या आकड्यांनी भागत नाही. फोन केल्यावर पुढे काय होते हे ठाऊक नसलेली मुलगी फोन करायलाच धजत नाही. 'सखी' केंद्रात पीडित स्त्रीला पाच दिवसांपर्यंत राहता येते. सोबत मुली कोणत्याही वयाच्या चालतात, मुलगा मात्र ठरावीक वयापर्यंतचाच! त्याहून मोठ्या मुलाच्या आईने काय करावे? ती मुकाट्याने त्याच घरी परत जाईल. (नियम लिहिणाऱ्यांच्या घरी शाळकरी मुलगा नसावा.) २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार तिने मागणी केल्यास आश्रयगृहाने निवारा दिलाच पाहिजे, हे तरी तिला कळायला हवे.

म्हणून माझे म्हणणे असे, की समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन माहिती पडताळावी. पत्ता काय, बस कोणती, रात्री दार उघडते का, मुलगा चालतो का, हे सारे लिहावे. तो कागद प्राचार्यांच्या दालनासमोर नको. मुलींच्या कॉमन रूममध्ये, आतल्या भिंतीवर लावावा. दालनासमोर उभे राहून वाचणारीला लगेच चार प्रश्न विचारले जातात.