दागिना नव्हे, दस्तऐवज

माया संस्कृतीतील जेडच्या कोरीव वस्तूंना आपण सरसकट ‘दागिने’ म्हणतो. हा शब्द किती तोकडा आहे, हे एका वस्तूवरून दिसते.

१८६४ मध्ये ग्वाटेमालातील पुएर्तो बारिओसजवळ कालवा खणताना जेडची एक पातळ पाटी सापडली. जेमतेम वीतभर लांबीची. माया राजे अशा पाट्या कमरपट्ट्याला टांगत. चालताना त्या एकमेकींवर आदळून किणकिणत. या पाटीच्या एका बाजूस पूर्ण राजवेषातील राजा कोरला आहे, त्याच्या पायांशी बांधलेला कैदी. दुसऱ्या बाजूस चित्रलिपीत तिथी आहे : आपल्या गणनेने इ. स. ३२०.

जेडवर पोलादी सुरीने ओरखडाही उठत नाही, आणि या कारागिरांजवळ तर लोखंडच नव्हते. दोरी, वाळू, पाणी यांच्या घर्षणाने ते दगड कापत. एवढे श्रम केवळ शोभेसाठी होते, हे मला पटत नाही. राजसत्तेची नोंद टिकावी, हाही त्यामागील हेतू असला पाहिजे.

ती टिकली. १५६२ मध्ये युकातानातील मानी येथे दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया पोथ्या जाळल्या. आज जगात अशा चारच पोथ्या उरल्या आहेत, आणि त्यांतील एकही या पाटीइतकी जुनी नाही.

अशा दस्तऐवजाला इतिहासात नाव मिळाले ते ‘लायडन पाटी’. कारण ती नेदरलँड्समधील लायडनच्या संग्रहालयात आहे. हे नाव मला खटकते. ज्या भूमीत ती सापडली, तिचा उल्लेखही त्यात नाही.

पुढील भागात पालेंकेच्या पाकाल राजाचा जेडचा मुखवटा.