टोपीवरचा बिल्ला

छावणींतील रस्त्यावरून सकाळीं शिपाई जातो, तेव्हां त्याच्या टोपीवरील बिल्ला उन्हांत चमकतो. आमच्या पुष्कळ बांधवांस तो शोभेचा दागिना वाटतो. वस्तुतः तो पलटणीचा दाखला आहे. त्यावर काय कोरलें आहे तें वाचावें, आणि काय पुसलें गेलें आहे तेंहि वाचावें.

महार रेजिमेंटचेंच पहा. १९४१ सालीं ती उभी राहिली तेव्हां तिच्या बिल्ल्यावर कोरेगांवचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ रोजीं तेथें पेशव्यांच्या फौजेशीं लढतांना पडलेल्या बावीस महार शिपायांचीं नांवें त्या स्तंभावर आहेत. त्याच पेशवाईंत, आपला विटाळ चुकूनहि कोणास होऊं नये म्हणून, अस्पृश्यानें मनगटास किंवा गळ्यांत काळा दोरा बांधावा असा दंडक होता, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लिहून ठेवलें आहे. काळा दोरा हाहि एक बिल्लाच! तो धर्माच्या ठेकेदारांनीं लादला. स्तंभाचा बिल्ला रक्त सांडून मिळविलेला.

इंग्रज सरकारहि कांहीं देवदूत नव्हतें. 'लढाऊ जाती' नांवाची नवी वर्णव्यवस्था त्यानें काढली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं अर्ज लिहिला. दाद लागली नाहीं. पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडूं लागतांच १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली, आणि युद्ध संपल्यावर मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

१९४६ सालीं महार रेजिमेंट मशिनगनची झाली. बिल्ल्यावर दोन मशिनगनी आल्या आणि पुढें स्तंभ जाऊन खंजीर बसला. स्तंभ कंपनी सरकारचा, तो स्वतंत्र हिंदच्या टोपीवर कशाला, असें कोणी विचारील. १९५० सालीं अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले, तें उत्तमच झालें. मुकुट राजाचा होता. स्तंभावरील नांवें राजाचीं नाहींत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरील बिगूल ही तरी विलायती हलक्या पायदळाचीच खूण ना? ती राहिली, व राहावीच. आमच्या मराठा जवानांनीं ती पराक्रमानें आपलीशी केली आहे. मग स्तंभालाच वेगळा न्याय कां?

आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादची ही छावणी एके काळीं हैदराबाद कंटिंजंटचें ठाणें होती. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत मिळविली व पलटणींचे क्रमांक बदलले. तिच्या शिपायांच्या खुणा आतां घरोघरच्या ट्रंकांतच सांपडल्या तर सांपडतील. म्हणून पेन्शनरांच्या घरच्यांस आमची विनंति आहे, कीं जुने बिल्ले, पट्टे, बटणें मोडींत घालूं नका. कोणाचा, कोणत्या पलटणीचा, कोणत्या सालचा, एवढें चिठीवर लिहून त्यास बांधा. छावणीशेजारीं नागसेनवन आहे. बाबासाहेबांनीं १९५० सालीं सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या चालकांनीं त्यासाठीं एक कांचेचें कपाट मांडावें. किल्ली कोणाकडे राहावी हा वाद मागाहून घालूं. आमच्या मंडळींत तो नेहमीं आधीं होतो.