पहिल्या सामन्याचा निकाल

नागपुरात मुलाच्या क्रीडाजीवनाचा आरंभ बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत होतो. परीक्षा आटोपताच वस्त्यावस्त्यांतून शिबिरांचे फलक लागतात. दुपारी पारा ४५ अंशांकडे झेपावणार, म्हणून सहा-सात वर्षांची मुले भल्या पहाटे पालकांच्या दुचाकीवर पेंगत मैदान गाठतात. सुट्टी सरत आली की समारोपाचा सामना ठरतो आणि त्या चिमुकल्यांच्या आयुष्यात तीन गोष्टी प्रथमच एकत्र येतात : शिट्टी, गुणफलक आणि प्रेक्षक. पहिल्या दोहोंशी मूल लवकर जुळवून घेते. प्रश्न तिसऱ्याचा आहे.

कारण हे प्रेक्षक परके नसतात. ते आईवडील असतात. झेल सुटल्यावर मूल चेंडूमागे धावण्याऐवजी सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहू लागले, की तेथे खेळ संपतो आणि परीक्षा सुरू होते. परतीच्या वाटेवर चुकांची उजळणी होते, शेजारच्या मुलाशी तुलना होते आणि पुढच्या वर्षी तेच मूल पोट दुखत असल्याचे सांगून अंथरुणात पडून राहते. मग घरातील मंडळी म्हणतात, ‘याला खेळाची आवडच नाही.’ आवड होती. ती पहिल्याच हंगामात मोठ्यांनी संपवली, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

पालकांच्या या उतावीळपणाला कारण आहे. नागपूरच्या मुलामुलींनी अलीकडे फार मोठी मजल मारली आहे. मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपन बॅडमिंटन स्पर्धेत सायना नेहवालला हरवले. ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिन येथे तिरंदाजीतील कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला नमवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. दिव्याने २०१२ मध्ये सात वर्षांखालील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. हा दाखला देऊन ‘सुरुवात लवकर हवी, स्पर्धाही लवकर हवी’ असे म्हटले जाते.

परंतु या कथेचा आरंभही पाहिला पाहिजे. थोरली बहीण बॅडमिंटन शिकू लागली, तेव्हा दिव्या त्या खेळासाठी फारच लहान होती; म्हणून ती पटाकडे वळली. म्हणजे जगज्जेतेपदाचा आराखडा आधी आखून मुलीला पटासमोर बसवण्यात आले नव्हते. खेळ आधी सापडला, गोडी लागली आणि डॉक्टर आईवडिलांनी त्या गोडीमागे आपले बळ उभे केले. क्रम महत्त्वाचा आहे. मूल पुढे आणि पालक मागे असतील, तर लहान वयातील स्पर्धाही मानवते. पालक पुढे आणि मूल फरफटत मागे, असे झाले तर गुणवंत मूलही टिकत नाही. शिवाय एका दिव्याच्या यशाकडे पाहून हजारो मुलांचे नियम ठरवता येत नाहीत.

स्पर्धेचे दडपण नसेल तर खेळाडू घडणार कसे, हा आक्षेप स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नॉर्वेने दिले आहे. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या या देशाच्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये बालक्रीडेसाठी नियम केले. आज तेथे मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी लावली जात नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची दारे तेराव्या वर्षी उघडतात. मुले सामने खेळतात, जिंकतात, हरतातही. पण त्या निकालाची जाहीर नोंद मोठी माणसे ठेवत नाहीत. याच नॉर्वेने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके मिळवून एकाच हिवाळी स्पर्धेतील सुवर्णांचा तेव्हाचा उच्चांक केला. बालपण जपल्याने पदके हुकत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

हा विचार विदर्भाला परका वाटू नये. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली. त्याच मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू आणि अन्य भारतीय खेळ जगासमोर सादर केले. व्यायामशाळेच्या परंपरेत नवखे पोर आधी थोरांना पाहत असे, मातीत लोळत असे, मलखांबाला नुसते लोंबकळत असे. आखाड्यात उतरण्याची वेळ नंतर येई. लंगडी आणि खो-खोला महागडे साहित्य लागत नाही, आणि या खेळांत एका वेळी डझनभर मुलांना सामावून घेता येते. राखीव म्हणून कोपऱ्यात बसून राहण्याची पाळी फारशी कोणावर येत नाही.

आज मात्र येथे एक पोकळी निर्माण झाली आहे. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धांतील गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील आहेत. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यांत स्वतंत्र स्थान नाही. ही पोकळी शुल्क आकारणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांनी भरून काढली. त्यांतील अनेक प्रशिक्षक तळमळीने राबतात, यात शंका नाही. पण शुल्क भरणारा पालक परिणाम मागतो आणि परिणाम म्हणजे चषक, असे समीकरण रूढ होते. त्यातून काही ठिकाणी वयचोरीसारखी कीड शिरते. जन्मतारखेत खोटेपणा करून जिंकायचे असते, हा मुलाचा पहिला क्रीडासंस्कार ठरतो. आणि ज्याच्या घरी शुल्काची ऐपत नाही, ते पोर जाळीबाहेर उभे राहून सीमापार गेलेला चेंडू परत फेकते. त्याचा पहिला सामना कधी होतच नाही.

उपाय अवघड नाहीत. दहा वर्षांखालील सामन्यात प्रत्येक मुलाला निम्मा वेळ तरी खेळायला मिळावे. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा एकच चषक देण्याऐवजी सर्वांना समान पदक द्यावे. सूचना फक्त प्रशिक्षकाने कराव्यात, पालकांनी टाळ्या वाजवाव्यात. शाळांनी खेळाचा तास गणिताला देऊ नये. वस्तीतील जाणत्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी मोकळ्या मैदानावर सगळ्यांची मुले एकत्र आणून लंगडी, खो-खोचा डाव मांडावा. त्यासाठी चुना आणि एक शिट्टी पुरेशी आहे.

पराभव पचवणे, सहकाऱ्याच्या यशाने आनंदणे, पंचाचा निर्णय मान्य करणे हे गुण मैदानावरच अंगी बाणतात. पण त्यासाठी मूल मैदानावर टिकले पाहिजे. पहिल्या सामन्याचा खरा निकाल गुणफलकावर लागत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी न उठवता ते मूल बूट शोधू लागले, तर तो सामना जिंकला.