वर्षाची चटणी, रोजची आमटी

सोपा स्वयंपाक म्हणजे काय, याचे उत्तर हल्ली घड्याळ लावून दिले जाते. पंधरा मिनिटांत भाजी, एका भांड्यात भात, तीन जिनसांचा केक. दोघेही नोकरी करणारे, मुलांच्या शाळा, पोहण्याचे वर्ग, शनिवारची मराठी शाळा, असा दिनक्रम असलेल्या परदेशातल्या मराठी घराला ही भाषा आकर्षक वाटणारच. पण या हिशेबात एक खोट आहे. प्रत्येक पाककृती शून्यापासून सुरू होते. कांदा चिरा, खोबरे भाजा, वाटण वाटा, मग फोडणीला घाला. आणि पंधरा मिनिटे मोजायला सुरुवात होते ती बहुतेकदा कांदा चिरून झाल्यावर. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले तेव्हा पाककृती हेच एकक असणे रास्त होते. सासर-माहेरापासून दूर, नव्या शहरात संसार मांडलेल्या मुलीला विचारायला घरात कोणी मोठे नव्हते. वाटी-चमच्याच्या मापाने सांगणारे पुस्तक तिला हवेच होते. आजच्या परदेशस्थ घराची अडचण निराळी आहे. कृती हव्या तितक्या मिळतात, फोनवर बोट फिरवले की पुरे. मिळत नाही ती संध्याकाळी सात वाजता नव्याने सगळे ठरवण्याची आणि करण्याची ताकद. म्हणून माझे म्हणणे असे, की स्वयंपाक सोपा करायचा तर कृती आखूड करून फारसे काही साधणार नाही; घरात आधीच काय तयार आहे ते पाहावे लागेल. आणि याचा मराठी मुलखातला सर्वांत चोख दाखला कोल्हापुरात आहे. तो म्हणजे वर्षाची चटणी.

कोल्हापूरबाहेरचा माणूस ‘चटणी’ म्हटले की ताटाच्या डाव्या बाजूला पाहतो. कोल्हापुरात चटणी ही कालवणात पडते. कांदा-लसणाची ही लाल चटणी म्हणजे मसाला, तिखट आणि वाटण हे तिन्ही एकाच बरणीत. उन्हाळ्याच्या तोंडाला मिरची घेतली जाते: गडहिंग्लज-संकेश्वर भागातली संकेश्वरी चवीला आणि तिखटपणाला, कर्नाटकातली ब्याडगी रंगाला, आणि ज्याला झेपेल त्याने थोडी लवंगी. मिरच्यांचे देठ काढायचे, गच्चीवर कडक उन्हे द्यायची. धणे, जिरे, तीळ, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, नाकेश्वर, लवंगा, दालचिनी, तमालपत्र हे एकेक वेगळे भाजायचे, कारण तिळाचा आणि धण्याचा भाजण्याचा वेळ एक नसतो. कांदा तेलात तांबूस होऊन त्यातले पाणी जाईपर्यंत परतायचा. मग सगळे लवाजम्यासकट डंकावर. डंक म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या लोखंडी मुसळांचे कांडप. हंगामात त्याच्यासमोर डबे-पिशव्यांची रांग लागते आणि गल्लीभर ठसका उठतो. लसूण, आले, कोथिंबीर, खडेमीठ तिथेच पडते. घरी आली की चटणी दाबून बरणीत भरायची, म्हणजे मधे हवा राहत नाही. ती वर्षभर टिकते याचे कारण सरळ आहे: पाणी जवळजवळ नाही, मीठ भरपूर, तेलाचा अंश. जिथे कांदा ओलसर राहिला तिथे बुरशी आली, हे कोल्हापुरातल्या कोणत्याही घराला वेगळे शिकवावे लागत नाही.

आता हिशेब करू. चौघांच्या घरात रोजच्या कालवणाला दोन चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम चटणी धरली आणि वर्षात ३०० संध्याकाळी घरी चूल पेटते असे मानले, तर तीन किलो लागते. ती करायला घरातल्या चौघांनी दोन शनिवार तीन-तीन तास दिले, तरी एकूण २४ तास होतात. म्हणजे १,४४० मिनिटे. ३०० संध्याकाळी वाटली तर रोजची पाचही मिनिटे भरत नाहीत. त्याबदल्यात रोजचे चिरणे, भाजणे, वाटणे आणि नंतर मिक्सरचे भांडे घासणे, हे सगळे जाते. तेलात मोहरी-हिंग, वर चटणी, शिजलेली डाळ, थोडा कोल्हापुरी गूळ, चिंच, पाणी, आणि एक उकळी. आमटी झाली. पण वेळ वाचतो हा या चटणीचा दुय्यम गुण आहे. तिच्यात वेळेपेक्षा मोलाची गोष्ट साठवलेली असते, ती म्हणजे कसब. खोबरे किती भाजायचे, खसखस कधी उतरवायची, मिरच्या कोणत्या प्रमाणात घ्यायच्या, हे स्वयंपाकातले अवघड निर्णय उन्हाळ्यातच घेऊन झालेले असतात. उरते ते उकळणे. ज्याला फोडणी जळू न देण्यापलीकडे काही येत नाही, अशा माणसालाही चवीची आमटी करता येते. आणि तो माणूस बाबा असू शकतो, किंवा बारा वर्षांची मुलगी.

इथे पहिला आक्षेप येतो: मुले तिखट खात नाहीत, आणि एकाच घरात दोन स्वयंपाक करायचे असतील तर सोपे काय झाले? उत्तर कोल्हापूरच्या मटणाच्या पातेल्यातच आहे. मटण आधी शिजते ते फक्त आले-लसूण, हळद आणि मीठ घालून. त्या पाण्याला अळणी म्हणतात, आणि ती घरातल्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी वाढली जाते, भातावर किंवा वाटीत. मग त्याच अळणीचा एक भाग चटणी घेऊन तांबडा रस्सा होतो, दुसरा नारळाचे दूध, खसखस आणि काजू घेऊन पांढरा, आणि फोडी वेगळ्या काढून सुके होते. शिजवणे एकदाच, पण ताटे चार प्रकारची. हॉटेलातल्या फलकांनी ‘कोल्हापुरी’ या शब्दाचा अर्थ नुसता जाळ असा करून टाकला आहे, त्यामुळे ज्या गावाने लाल चटणी घरोघर नेली त्याच गावाने चटणीचा स्पर्शही नसलेला पांढरा रस्सा शोभेने शेजारी मांडला, हे लोक विसरतात. बरणी एकच म्हणून रोज एकच चव येईल, या भीतीलाही हेच उत्तर. मिसळीतही तेच तत्त्व आहे: मटकीची उसळ एकीकडे, कट दुसरीकडे. लहान मुलाने उसळ, फरसाण आणि दही खावे, मोठ्यांनी कट ओतून घ्यावा. तिखटपणा शेवटी आणि वेगळा घालण्याची ही सवय शाकाहारी घरालाही तितकीच उपयोगी आहे. शेंगदाण्याचा कूट मात्र परदेशात जपून. अनेक शाळांत शेंगदाणा आणायला बंदी असते, तेव्हा डब्यासाठीची भाजी कूट घालण्याआधी बाजूला काढणे बरे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ही सगळी बेगमी कोणाच्या पाठीवर उभी होती? चटणी, सांडगे, कुरडया, शेवया, पापड हा उन्हाळ्याचा सोहळा म्हणून सांगितला जातो, पण तो बायकांच्या बिनपगारी कष्टांचा हंगाम होता. परिस्थिती अजूनही फारशी पालटलेली नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचे काम दहा मिनिटांनी कमी झाले आणि पुरुषांचे नऊ मिनिटांनी, आणि दरी जवळजवळ होती तेवढीच राहिली. यंत्रे आली की ही दरी बुजेल, हा भाबडा समज आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवले, की चुलीच्या जागी शेगडी आली तेव्हा लाकडे फोडणारा पुरुष मोकळा झाला, दळण गिरणीत गेले तेव्हा आणखी कामे पुरुषांच्या आणि मुलांच्या हातून सुटली. बाईच्या वाट्याला मात्र अधिक पदार्थांची, अधिक स्वच्छतेची अपेक्षा आली. हा दाखला माझ्या मताविरुद्ध जातो असे कोणी म्हणेल. मला तो बाजूनेच दिसतो. रोजचे सांडलेले, विखुरलेले काम कोणालाच दिसत नाही, म्हणून ते वाटलेही जात नाही. कांदा चिरायला ‘आज तू’ म्हणण्याआधीच तो चिरून झालेला असतो. याउलट वर्षातून दोन शनिवार ठरवलेले काम कॅलेंडरवर मांडता येते. देठ काढायला हातमोजे घालून मुले बसू शकतात, कांदा परतायला दांडगा हात लागतो, वजन-माप करायला गणिताची आवड असलेला मुलगा पुरतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे बरणी भरली की रोजच्या आमटीला आईच हवी, ही अट उरत नाही. बेगमी हे बाईचेच काम ठेवले तर ती जाच आहे, यात शंका नाही. पण मग दोष बरणीचा नाही. शिवाय परंपरेचाही उगाच देव्हारा करू नये: कोल्हापूरच्या घराने कांडण्याचे काम केव्हाच पैसे देऊन डंकावर सोपवले. सगळे आपल्याच हाताने करण्याचा हट्ट तिथेही नाही.

मग विकतच का आणू नये? आणावी की. कांदा-लसूण मसाल्याची पाकिटे भारतीय दुकानांत मिळतात, आणि ज्यांना शनिवार मिळत नाही त्यांनी ती घेऊन आमटी केली तर मी तक्रार करणार नाही. माझा आक्षेप आहे तो पाकिटातल्या आख्ख्या जेवणाला. अमेरिकेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले. पहिल्या प्रकारात ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. प्रयोग लहान आहे, पण काळजीपूर्वक केलेला आहे. विकतचा मसाला आणि घरची डाळ ही जोडी त्या प्रकारात मोडत नाही. घरी केली तर एवढेच की मीठ आपल्या हातात राहते, आणि ब्याडगी वाढवून संकेश्वरी कमी केली की मुलांना चालेल अशी चटणी होते, रंग तसाच ठेवून.

परदेशात गच्ची नाही, ऊन नाही, डंक नाही, आणि मिरची भाजू लागले की धुराचा गजर वाजून शेजारी दारात. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय बहुतेक भाड्याच्या घरांत आधीच बसवलेला असतो आणि आपल्यापैकी बरेच जण त्यात कढया ठेवतात. ओव्हन. सत्तर-ऐंशी अंश सेल्सियसवर, दार किंचित उघडे ठेवून, मिरच्या तासा-दोन तासांत कुरकुरीत होतात. त्या भाजायच्या नसतात, फक्त सुकवायच्या असतात, म्हणून ठसकाही उठत नाही. पातळ चिरलेला कांदा तेल चोळून ताटात पसरला आणि दीडशे अंशांवर मधूनमधून हलवत ठेवला, तर कढईपुढे तासभर उभे राहणे टळते. खोबऱ्याचा कीस आणि तीळ त्याच उष्णतेत, वेगवेगळ्या ताटांत. दळायला साधा मिक्सर, थोडे थोडे करून. आणि कोल्हापुरातल्यासारखी बाहेर न ठेवता चटणी लहान बरण्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावी. परक्या हवेत कांदा किती सुकला याचा अंदाज पहिल्या वर्षी चुकू शकतो. गावातल्या महाराष्ट्र मंडळाने एखाद्या सभागृहाचे स्वयंपाकघर एक दिवस भाड्याने घेतले तर हे काम दहा घरांचे एकत्र होईल, आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवापेक्षा त्याला पुरुष जास्त येतील, अशी माझी अटकळ आहे. नव्या हंगामाची ब्याडगी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये बाजारात येते, तेव्हा दुकानदाराला आधी सांगून ठेवावे.

ओव्हन एकदा तापला की त्याचे आणखी काम काढून घ्यायला हवे, आणि ही युक्तीही आपल्या बेकऱ्यांनीच शिकवली आहे. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात घरचा रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही चाल फार जुनी आहे. बेकरीची मोठी भट्टी पावासाठी तापलेलीच असते; पाव निघाला की उतरत्या उष्णतेत घरोघरचे ट्रे आत जातात. घरी ओव्हन नव्हता त्या काळातही मराठी घर भाजकाम टाळत नव्हते. कुकरमध्ये वाळू तापवून त्यावर रव्याचा केक करणाऱ्या घरांनी ओव्हनची वाट पाहिली नाही. त्या केकात साखरेऐवजी किसलेला गूळ घातला तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: गूळ ओल धरतो, म्हणून केक दोन-तीन दिवस मऊ राहतो आणि डब्याला उपयोगी पडतो, आणि तो लवकर तांबूस होतो, म्हणून तापमान दहा-पंधरा अंश कमी. दही आणि सोडा फुगवण्याचे काम करतात, अंडी फेटण्याची गरज नाही, यंत्राची तर नाहीच. हाताने ढवळण्याइतके सोपे असल्यामुळे हे काम सात वर्षांच्या मुलालाही देता येते. चटणीच्या शनिवारी मिरची आणि कांदा आधी, शेवटी ताटे स्वच्छ पुसून, उष्णता आणखी थोडी वाढवून गुळाच्या केकचे दोन साचे, आणि सर्वांत शेवटी, ओव्हन बंद करण्याआधी उष्णता पुन्हा उतरवली की, नानकटाईचा एक ट्रे. नानकटाईला मंद आचच मानवते. वरून तडकली, पण पांढरीच राहिली तरच ती जमली.